माझी पट्टी कीबोर्डात नव्हती

"ताई, तुझी पट्टी माझ्या कीबोर्डात नाहीये."

ऑडिशनला गेले आणि हे ऐकून आले. आवाज वाईट आहे म्हणाले असते, सूर हलतोय म्हणाले असते, पाठांतर कच्चं आहे म्हणाले असते तर मी घरी जाऊन रडले असते आणि दुसऱ्या दिवशी रियाजाला बसले असते. पण पट्टीच नाही म्हटल्यावर माणसानं करायचं काय?

लोणावळ्यात बाजारात एका चिक्कीच्या दुकानाच्या वर एक खोली आहे. तिथं एक पार्टी प्रॅक्टिस करते. पार्टी म्हणजे ऑर्केस्ट्रा: कीबोर्ड, गिटार, बेस, तालाचं ऑक्टोपॅड, एक गायक, एक गायिका. दर शनिवारी तुंगार्लीच्या एका हॉटेलच्या लॉनवर त्यांचा कार्यक्रम असतो. त्यांची गायिका लग्न होऊन नाशिकला गेली आणि जागा रिकामी झाली. मला ती जागा हवी होती. लय म्हणजे लय हवी होती. कॉलेजला जाता-येता मी त्या दुकानाखाली मुद्दाम रेंगाळायचे, वरून गाणं ऐकू यायचं आणि खालून भाजलेल्या शेंगदाण्यांचा आणि गुळाचा वास. तो वास आला की मला अजूनही वाटतं, आता माझं नाव पुकारतील.

वर गेले तेव्हा कीबोर्डवाल्या दादांनी आधी नाव विचारलं. मी आडनाव सांगितलं, गाव सांगितलं आणि ते खुर्चीतून उठलेच. "म्हणजे त्या बेंजोवाल्याची तू मुलगी? अगं मग ऑडिशन कसली? ये, बस!"

असं माझं आयुष्यभर झालंय. ये, बस. शाळेत गॅदरिंगला "हिला घ्या, हिचे वडील बेंजो वाजवायचे." हळदीला "हिला बोलवा, हिच्या बापानं आमच्या लग्नात वरात गाजवलेली." सगळीकडे दार उघडं, आणि दारात पप्पा उभे. आणि पप्पा तर कुठेच नाहीत!

तर पप्पांचं सांगते. ज्यांनी मावळात लग्नाची वरात पाहिली आहे त्यांना बेंजो सांगायला नको. लांब लाकडी पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं, आत तारा. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या, आणि टेम्पोवरच्या भोंग्यातून तो आवाज अख्ख्या गावावर पसरतो. पप्पा बेंजोवर असले की नवरदेव घोड्यावरून उतरून नाचायचा, असं लोक सांगतात. मी हे फार पाहिलेलं नाही. मी पहिलीत होते तेव्हा ते गुजरातकडच्या एका ऑर्केस्ट्रात गेले. तिकडे कीबोर्ड वाजवायचा होता म्हणून बेंजो घरी ठेवून गेले. सुरुवातीला दिवाळीला आले, मग फोन यायचे, मग नंबर बदलला. बस. एवढंच आहे. यात कुणी मेलं नाही, कुणी पळवून नेलं नाही. माणूस गेला आणि यायचं राहिलं.

बेंजो राहिला म्हणून आईला वाटायचं, तो न्यायला तरी येतील. आई असं बोलली कधीच नाही. पण तिनं एक नियम केला. मला बेंजो वाजवायची परवानगी होती, फडक्यानं पुसायची परवानगी होती, मांडीवर घेऊन मिरवायची परवानगी होती. तारा आवळायच्या खुंट्यांना मात्र हात लावायचा नाही.

"त्यानं लावलाय तो. हाय तसा ऱ्हाऊ दे."

एका बटणावर पप्पांनी आईच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. तो त्यांचा सा. तिथून त्यांची पट्टी सुरू. मग मीही तिथूनच सुरू केलं. मला कुणी शिकवलं नाही, मी ठिपका दाबायचे आणि त्यात आवाज मिसळायचे. लहान असताना तो सूर मला वरच्या सप्तकात लागायचा, चिमणीसारखा. आठवी-नववीत मी आवाज दाबून दाबून खाली आणला, पार छातीत. घसा धरायचा, खालचे सूर तर नुसती हवा यायची. पण देवळात एकादशीला मी गायले की म्हातारी माणसं डोळे मिटून म्हणायची, "लावली बघ पोरीनं बापाची पट्टी!" आणि एवढं ऐकायला मिळतंय म्हटल्यावर कुणाला घशाची पडलीय?

आमच्या देवळातल्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडल्यापासून ती बंदच आहे. त्यामुळे मी, माझ्या मांडीवरचा बेंजो आणि एक ढोलकी, एवढाच आमचा संसार. दुसरं वाद्यच नाही, तर चूक सांगणार कोण?

आता परत त्या चिक्कीवरच्या खोलीत या. मी गायला सुरुवात केली. कीबोर्डवाले दादा मान डोलवत बटणावर बोट ठेवायला गेले. ठेवलं. कपाळाला आठी. शेजारचं बटण. आठी वाढली. परत पहिलं. गिटारवाला हसायला लागला.

"काळी एक घेतली तर ही वर आहे," दादा म्हणाले, "पांढरी दोन घेतली तर खाली. ताई, तू मधल्या फटीत गातेयस."

"दादा, तुमच्या कीबोर्डात ट्यून खाली-वर करायचं असतं ना?" मीही काही अगदी अडाणी नाही.

"असतं की. मी करीन. पण मग गिटार उतरवा, बेस उतरवा. एकटीसाठी अख्खी पार्टी सैल करू का?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "आणि खरं सांगू? तू मुलगी आहेस, एवढं खाली का गातेस? घसा जाईल. पुढच्या शनिवारी परत ये. स्वतःची पट्टी शोधून ये. तुझ्या वडिलांसाठी तेवढं थांबतो मी."

खाली उतरले तर दुकानात गिऱ्हाइकांची ही गर्दी, आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य, तुझ्या वडिलांसाठी थांबतो. म्हणजे मी नापास झाले तीसुद्धा माझी मी नाही झाले! मला इतका राग आला की मी स्टेशनला न जाता सरळ भुशी धरणाच्या रस्त्याला लागले.

भुशीला आमच्या ढोलकीवाल्या भाऊंची गाडी असते. मका, मॅगी, चहा. पावसाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते, पण हे थंडीचे दिवस होते, एक जोडपं सेल्फी काढत होतं आणि भाऊ रिकाम्या पातेल्यावर बोटं वाजवत बसले होते. भाऊ म्हणजे पप्पांचे जोडीदार. पप्पांच्या बेंजोला त्यांचीच ढोलकी असायची, आणि आता माझ्या गाण्यालाही तेच.

"भाऊ, पप्पांची पट्टी कुठली होती?"

"काळी दोन." एका क्षणात. जसं काही मी चहात साखर किती विचारलं. "तुझा बाप काळी दोनचा मानूस. का गं?"

मी पिशवीतून मोबाइल काढला. त्यात सूर दाखवायचं ॲप आहे, आपण गायलो की काटा हलतो. भाऊंसमोर मी माझा सा लावला, तोच, ठिपक्याचा. काटा काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे जाऊन थरथरत उभा राहिला. काळी दोनच्या जवळपाससुद्धा नाही!

"भाऊ, ही पप्पांची पट्टी नाहीये."

"न्हाईच."

"न्हाईच म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"आगं तारा हायत त्या. इतकी वर्सं कुनी आवळल्या न्हाईत तर खाली येनारच की. दर साली जराशी. मी बी माझी ढोलकी तुझ्या बेंजोला मिळवत गेलो, ती बी उतरली. आपलं आख्खं देऊळ खाली आलंय." आणि हसले. मग माझं तोंड बघून हसू थांबवलं. "तुझ्या आयला कोन सांगनार? खुंटीला हात लावू देत न्हाई ती. म्हनलं, असू दे. गानं चाललंय ना."

मी तिथं दगडावर बसले. भाऊंनी न विचारता मका भाजून हातात दिला. मी खात होते आणि डोक्यात सगळं फिरत होतं. ज्याच्यासाठी मी घसा खरवडला, ज्याला अख्खं गाव बापाची पट्टी म्हणून डोळे मिटत होतं, ती पप्पांची नव्हतीच. माझीही नव्हती. ती कुणाचीच नव्हती. सैल पडलेल्या तारांची होती. आणि विचित्र म्हणजे मला वाईट वाटण्याऐवजी हलकंच वाटायला लागलं. मनात म्हटलं, शनिवारपर्यंत माझा सा सापडलाच पाहिजे, मग घरात काहीही होवो.

घरात व्हायचं ते झालंच.

आई ओट्यावर भाताच्या पोत्यांची तोंडं शिवत होती. आई सकाळी तुंगार्लीत, पार्टीचा कार्यक्रम होतो त्याच हॉटेलच्या भटारखान्यात भाकऱ्या करायला जाते आणि दुपारनंतर शेतातलं बघते; शनिवारी गर्दी असते म्हणून संध्याकाळीही जाते. तिला बसून बोलायला वेळ नसतो, म्हणून मी उभ्यानंच सुरू केलं. बेंजो आणून समोर ठेवला, मोबाइलवर ॲप लावलं, ठिपका दाबला, तार छेडली. "हे बघ काटा कुठंय. पप्पा काळी दोनला वाजवायचे. ही काळी दोन नाही. तू जे जपतेयस ते यात नाहीचये, आई. ते कधीच उतरलंय. मी खुंट्या आवळणार आहे."

"न्हाई."

"आई, ऐक तरी."

"न्हाई म्हनले ना!"

"त्यांनी लावलेलं आता काही उरलंच नाहीये यात!"

"न्हाऽऽई! हात लावायचा न्हाऽऽई!"

आमच्या आईचं 'न्हाई' लांब असतं. खालच्या आळीपर्यंत जातं. शेतातून ती मला हाक मारते तेव्हा रस्त्यावरचे टुरिस्ट गाड्या थांबवून बघतात. गावात तिच्या आवाजाला कर्कश म्हणतात, भजनाला तिला कुणी कधी बोलावलं नाही. तर तिचं ते 'न्हाऽऽई' सुरू होतं, मीही तेवढ्याच जोरात "का नाऽऽही?" म्हणून ओरडले, आणि माझी नजर मोबाइलवर गेली.

काटा हिरव्यात. मधोमध. हलत नव्हता. जी शार्प. म्हणजे काळी चार.

मी गप्प झाले. आईला वाटलं मी ऐकलं. म्हणाली, "आता शानी झालीस."

"आई, परत म्हण."

"काय?"

"नाही म्हण. मगाशी म्हणालीस तसं."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"आई, प्लीज, एकदा ओरड माझ्यावर!"

आता ती खरोखर चिडली. "हिकडं भात गिरनीत न्यायाची येळ आली, मान्सं न्हाईत हाताखाली, आन् तू खेळ करतीयास व्हऽऽय!" काटा पुन्हा तिथंच. काळी चार. मी तिच्या 'व्हऽऽय'वर माझा आवाज ठेवला. नुसता ठेवला. छातीतून ओढावा लागला नाही, दाबावा लागला नाही. पाण्याची घागर डोक्यावर जशी जागेवर बसते तसा बसला. मी तिथंच, पोत्यांमधे, एक ओळ गायले. वर गेले, खाली आले, कुठे हवा नाही, कुठे खरवड नाही. हा आवाज मी रोज वापरत होते! भांडायला, हाक मारायला, बसमधे कंडक्टरला थांबवायला. फक्त गायला वापरत नव्हते.

आई सुई हातात धरून बघत राहिली.

"ही कुनाची पट्टी?"

"तुझी."

"मला कुटं गाता येतं?"

"तुला ओरडता येतं."

यावर ती हसली असती तर बरं झालं असतं, पण हसली नाही. पोत्याचा टाका पूर्ण केला, दोरा दातानं तोडला. मग बेंजोजवळ येऊन बसली आणि मी पहिल्यांदाच तिला ठिपक्यावर बोट ठेवताना पाहिलं. दाबलं नाही. नुसतं ठेवलं. "नेलपॉलिस माजं हुतं," म्हणाली. "लग्नातलं. इचारलं बी न्हाई त्यानं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "आवळ."

मी आवळायला घेतलं. पहिली खुंटी गंजून घट्ट बसली होती, फडकं गुंडाळून फिरवली. सूर वर चढायला लागला, हळूहळू, पांढरी दोनपर्यंत आला, आणि टण्णकन तार तुटली. आई दचकली. मीही. मला वाटलं आता संपलं, आता परत 'न्हाऽऽई'.

"तुटली?"

"तुटली."

"मंग नवी आन."

एवढंच. मी दुसऱ्या दिवशी तारांचा नवा जोड आणला आणि भाऊंना घरी बोलावलं. भाऊ आले, जुन्या तारा काढताना "आयला, किती गंज" म्हणाले, नव्या चढवल्या. आम्ही ठिपक्याचं बटण बरोबर काळी दोनला लावलं. पप्पांची पट्टी परत पप्पांना. मग पुढची बटणं मोजत मी काळी चारपर्यंत गेले, आणि आईकडे नेलपॉलिश मागितलं. तिच्याकडे आता लाल नव्हतं, हॉटेलातल्या कुणीतरी दिलेली चमकीची गुलाबी बाटली होती. तिनं स्वतः ठिपका दिला. जरा सांडला. शेजारच्या बटणावरही थोडी चमकी गेलीय, ती अजून निघत नाही.

एकादशी मधेच आली. देवळात मी काळी चारला गायले. भाऊंनी ढोलकी चढवून घेतली होती, तिचा आवाजही एकदम जागा झाल्यासारखा. संपल्यावर पारावरचे एक आबा म्हणाले, "आज बापाची पट्टी सोडलीस गं पोरी. पयल्यासारखं भारदस्त न्हाई वाटलं."

पूर्वी या वाक्यानं माझा आठवडा गेला असता. मी म्हटलं, "आबा, आज आईची लावली."

"आईची? ती कुटं गाती?"

"रोज गाते. तुमची म्हैस आमच्या भातात शिरली की."

पारावर असा हशा पिकला की आबांनाही हसावं लागलं. पण खरं सांगते, घरी येताना तेच वाक्य घोळवत आले. कारण आबा खोटं बोलत नव्हते. भारदस्त गेलंच होतं. उरलं होतं ते नवीन होतं, आणि ते चांगलं आहे की नाही हे मला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी परत चिक्कीवर चढले. दादांनी विचारलं, "पट्टी?" मी म्हटलं, "काळी चार." त्यांनी बोट ठेवलं. आठी नाही. गिटारवाल्यानं मान वर केली. मी अख्खं गाणं गायले, अंतऱ्यात वर जाताना डोळे मिटायला विसरले इतकी मजा आली. संपल्यावर दादांनी कीबोर्डचा आवाज कमी केला.

"आता तू त्याच्यासारखी वाटत नाहीस," म्हणाले. थोडे हिरमुसलेच.

"हो ना!" मी इतक्या आनंदानं ओरडले की पॅडवाल्याच्या हातातून काडी पडली. "दादा, म्हणून तर विचारते. वडिलांसाठी नाही. या आवाजासाठी घेता का?"

त्यांनी गिटारवाल्याकडे बघितलं. गिटारवाला म्हणाला, "मला काही उतरवावं लागत नसेल तर माझी हरकत नाही."

"संध्याकाळी दोन गाणी," दादा म्हणाले. "लोक उठून गेले नाहीत तर पुढचं बघू."

संध्याकाळी तुंगार्लीच्या लॉनवर लायटिंग होतं, थंडी होती, टेबलांवर मुंबईची माणसं गरम कांदाभजी खात होती. दादा माइक घेऊन निवेदन करायला निघाले तेव्हा मी त्यांची बाही ओढली. "दादा, पप्पांचं नाव नको."

"अगं, पण लोकांना कळायला नको का तू कोण?"

मी लॉनकडे बघितलं. भजी खाणाऱ्यांपैकी एकालाही माझे पप्पा माहीत नव्हते. एकालाही! कुणाचं लग्न त्यांनी गाजवलं नव्हतं. इथं दार कुणी उघडून ठेवलं नव्हतं. मला भीती वाटायला हवी होती, पण मी जवळपास उड्याच मारत होते. "नुसतं माझं नाव घ्या," म्हटलं.

पहिलं गाणं गायले. कुणी डोळे मिटले नाहीत. एक छोटी मुलगी खुर्च्यांमधे गोल गोल नाचली, दोन टेबलांवर टाळ्या, बाकीच्यांची भजी चालू. ठीक. टिकले. दुसरं सुरू होणार, दादा माझ्याकडे बघत बोट काळी चारवर ठेवून थांबलेले, आणि तेवढ्यात मागून, भटारखान्याच्या दारातून, पिठाच्या हातांनी उभ्या असलेल्या आईचा आवाज आला.

"मागं ऐकू येत न्हाऽऽई!"

अख्खं लॉन वळून बघायला लागलं. मॅनेजर धावला. दादांचं बोट तसंच होतं, बटण आपोआप दाबलं गेलं असावं, कारण आईचं 'न्हाऽऽई' आणि कीबोर्डचा सूर एकात एक मिसळून लॉनभर पसरले. दादांनी खाली बोटाकडे बघितलं, मागे दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई?" त्यांनी ओठांनीच विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली, माइक जवळ घेतला आणि मागच्या दारापर्यंत पोचेल असा सा लावला.